उसनी लाइफ : माहीममधल्या व्हिडिओ गेमचा एक पाठ

माहीमच्या जुन्या इतिहासाकडे वळणाऱ्याला महिकावतीची बखर टाळता येत नाही. वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ साली संपादून प्रसिद्ध केली. ही बखर एका लेखकाची नाही आणि एका काळातलीही नाही. निरनिराळ्या शतकांत निरनिराळ्या हातांनी रचलेली प्रकरणे एकत्र येऊन ती सिद्ध झाली आहे. मूळचा मजकूर कोणता, मागाहून शिरलेला कोणता, नकलताना काय गळले आणि काय वाढले, हे प्रश्न अशा ग्रंथाच्या वाचकाला पहिल्या पानापासून सोबत बाळगावे लागतात.

आमचा विषय बिंबराजाचे माहीम हा नाही. १९९०च्या दशकात याच माहीममध्ये, लेडी जमशेटजी रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या चाळींतून आणि इमारतींतून, टीव्हीला यंत्र जोडून जे मारधाडीचे व्हिडिओ गेम खेळले गेले, त्यांविषयी आम्हांला लिहायचे आहे. या खेळांचा इतिहास सहसा जपानी आणि अमेरिकी कंपन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्यात यंत्रांच्या पिढ्या असतात, खपाचे आकडे असतात, नामवंत रचनाकार असतात. आमच्या गल्लीत यांतले काहीच पोचले नाही. पोचली ती नक्कल, आणि तीही नकलेवरून केलेली. म्हणूनच पोथ्या आणि बखरी वाचण्याची जी परिभाषा आपल्या अभ्यासकांनी घडवली, तीच या खेळांना अधिक चपखल लागू पडते, असे आमचे मत आहे. हे मत पुढे तपासून पाहायचे आहे.

एक खुलासा आधी केलेला बरा. ‘आम्ही’ हा शब्द या लेखात मानासाठी आलेला नाही, मोजणीसाठी आला आहे. एका इमारतीच्या तीन मजल्यांवरची सात-आठ मुले, दोन रिमोट आणि एक टीव्ही, एवढा त्याचा अर्थ. आज ही मुले चाळिशी ओलांडून गेली आहेत. पण त्या खेळांची आठवण कोणा एकाची म्हणून सांगू लागलो, तर ती खोटी होईल.

१. बाड

निन्टेन्डो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे यंत्र विक्रीस आणले. त्याची किंमत १४,८०० येन होती आणि लोक त्याला ‘फॅमिकॉम’ म्हणू लागले. यंत्राची कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट. एवढ्याशा जागेत शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५च्या सप्टेंबरात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ उभा केला. कोनामी कंपनीचा ‘कॉन्ट्रा’ १९८७ मध्ये आधी नाण्यावर चालणाऱ्या मोठ्या यंत्रावर आला आणि १९८८ मध्ये घरच्या यंत्रावर उतरला. या दोन खेळांची नावे माहीममधल्या आमच्या वयाच्या जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक आहेत. निन्टेन्डो हे नाव मात्र तेव्हा क्वचितच कोणाला माहीत होते.

याचे कारण सरळ आहे. आमच्या घरांत फॅमिकॉम आला नाही; त्याच्या पूर्व आशियात बनलेल्या नकला आल्या. समुराई, लिटल मास्टर, मीडिया अशी त्यांची नावे होती, आणि पुष्कळांना तर नावही नव्हते. आयात महाग होती. १९९०च्या दशकाच्या मध्यावर शॉ वॉलेसमार्फत सेगाची यंत्रे रीतसर भारतात आली खरी, परंतु साधारण पगारदाराच्या घराला ती परवडणारी नव्हती. नक्कल परवडत होती. बोलीत यंत्राला ‘व्हिडिओ गेम’ म्हणत आणि त्यात खोचायच्या प्लॅस्टिकच्या चौकोनाला ‘कॅसेट’. ती कॅसेट नव्हती. तिच्यात फीत नव्हती, फिरणारे काही नव्हते. पण गाण्यांच्या आणि सिनेमाच्या कॅसेटी घरोघर होत्या, भाड्यानेही मिळत, आणि हीसुद्धा तशीच आणायची व परत करायची वस्तू होती. मराठीने नेहमीप्रमाणे वस्तूच्या रचनेपेक्षा तिच्या व्यवहारावरून नाव दिले.

कुतूहलापोटी अशी एखादी कॅसेट कोणी उघडली, तर आत हिरवी पट्टी आणि तिच्या मधोमध डांबराचा वाटावा असा एक काळा थेंब दिसे. अस्सल कॅसेटीत तेथे अंक-अक्षरे छापलेली चिप असते. नक्कल करणाऱ्यांनी ती राळेच्या थेंबाखाली झाकून टाकलेली असे. पडद्यावरही तोच प्रकार. खेळाच्या पहिल्या पानावर कंपनीचे नाव आणि साल यांची जी ओळ असायची, ती पुष्कळदा पुसलेली असे. आपल्याकडे संतकाव्यात रचना दुसऱ्याची आणि नाममुद्रा तुकोबांची असे प्रकार घडले. प्रक्षिप्त अभंगांचा सारा प्रश्न त्यातून उभा राहिला. येथे उलटे झाले. रचना मूळची राहिली आणि मुद्रा गेली.

सर्वांत लोकप्रिय कॅसेट म्हणजे जिच्यावर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले असे ती. चालू केली की लांबलचक यादी येई, आणि त्या यादीत खरे निरनिराळे खेळ थोडेच असत. उरलेले आकडे त्यांच्याच पाठभेदांनी भरलेले. एक ‘कॉन्ट्रा’ तीन लाइफचा, एक तीस लाइफचा, एक थेट बर्फाच्या टप्प्यापासून सुरू होणारा, एक जिच्या तिच्या हातात आरंभापासूनच चांगली बंदूक देणारा. जुन्या मराठी हस्तलिखितांशी परिचय असलेल्यांना ही वस्तू ओळखीची वाटेल. हे बाड आहे. कीर्तनकाराने किंवा शाहिराने आपल्या उपयोगासाठी जमेल तेथून पदे उतरवून घ्यावीत, कोणाचे कडवे गाळावे, कोणाचे दोनदा लिहावे, कर्त्याचे नाव कधी द्यावे कधी विसरावे, असे ते बाड. त्याची प्रतिष्ठा ग्रंथाइतकी नसते; पण पदे लोकांपर्यंत पोचतात ती बाडांतूनच.

नकलेने आणखी एक बदल केला, जो आम्हांला फार उशिरा कळला. जपान आणि अमेरिकेतल्या टीव्हीवर चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने उमटे. आपल्याकडच्या पद्धतीत पन्नास वेळा. त्या काळचे खेळ आपला वेग या उमटण्यावरच मोजत. परिणामी आपल्या पद्धतीच्या टीव्हीसाठी बनलेल्या यंत्रावर तोच खेळ एकषष्ठांशाने मंद चाले. उडी किंचित लांबे, गोळी किंचित रेंगाळे, संगीत किंचित सावकाश वाजे. पुढे कधीतरी मूळ वेगाचा ‘कॉन्ट्रा’ पाहण्यात आला, तेव्हा तो आम्हांला घाईत असल्यासारखा वाटला. ओळखीचे भजन परक्या गावात द्रुत लयीत ऐकावे, तसे झाले. मूळ तेच होते हे बुद्धीला पटते, कानाला अजून पटलेले नाही.

२. कथेचे तीन पाठ

‘कॉन्ट्रा’ हा धावण्याचा आणि गोळ्या झाडण्याचा खेळ. दोन उघडे शिपाई, एकाची विजार निळी, दुसऱ्याची लाल. जंगल, तळ, धबधबा, पुन्हा तळ, बर्फ, कारखाने, आणि शेवटी एका विचित्र प्राण्याच्या पोटात असावे असे विवर, असे आठ टप्पे. एक गोळी लागली की माणूस मागे उडून पडतो, लुकलुकतो आणि नाहीसा होतो. मग वरून नवा टपकतो.

या खेळाला कथा आहे. जपानी आवृत्तीत ती २६३३ साली, न्यूझीलंडजवळच्या गालुगा नावाच्या काल्पनिक द्वीपसमूहावर घडते. अमेरिकी आवृत्तीच्या पुस्तिकेने तीच कथा उचलून वर्तमानकाळात आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात नेऊन ठेवली. शिपायांची नावे बिल आणि लान्स. म्हणजे खुद्द कंपनीच्या घरातच दोन पाठ तयार झाले होते. आमच्या कॅसेटीबरोबर पुस्तिका नव्हतीच. पडद्यावर जी थोडी इंग्रजी अक्षरे उमटत ती वाचण्याइतकी सवड खेळात नसे, आणि आरंभी तितके इंग्रजीही आमच्यापाशी नव्हते. उडत्या डब्यातून पडणाऱ्या बंदुकांवर एकेक अक्षर असे. ‘एस’ची बंदूक सर्वांत चांगली हे शेंबड्या पोरालाही माहीत होते, ते अक्षर कोणत्या शब्दाचे, हे कोणी विचारले नाही.

तेव्हा कथा ज्याची त्याला करावी लागली. आमच्या इमारतीत तिचे निदान तीन पाठ प्रचलित होते. दुसऱ्या मजल्यावरचा पाठ असा की हे राम-लक्ष्मण आहेत. दूरदर्शनवरचे ‘रामायण’ १९८७-८८ मध्ये होऊन गेले होते आणि पुरावे भक्कम होते : पहिला गडी निळा, सोबत धाकटा, आरंभी अरण्य, पायांखाली एकामागून एक फुटत जाणारा पूल, आणि अखेरीस राक्षसाच्या घरात जाऊन त्याचे धडधडते हृदय फोडायचे. पूल बांधण्याऐवजी फुटतो का, या शंकेवर ‘हे परत येतानाचे आहे’ असे उत्तर ठरलेले होते. ते कोणाला फारसे पटत नसे. तळमजल्यावरचा पाठ सिनेमातला होता : दोघे भाऊ आहेत, लहानपणी ताटातूट झाली आहे, आणि शेवटी ज्याला मारायचे तो त्यांच्या बापाचा खुनी. तिसरा पाठ सर्वांत कोरडा आणि सर्वांत प्रामाणिक : यांना पगार मिळतो म्हणून ते मारतात. हा पाठ मांडणाऱ्याचे वडील पहारेकरी होते.

या पाठांत कोणता खरा, असा वाद होई. पण निवाडा करणारे कोणी नव्हते. पुस्तिका असती तर तिने वाद मिटवला असता. साहित्याच्या वर्गात आपण पुढे शिकलो की अर्थ संहितेत पूर्ण झालेला नसतो, वाचक तो पुरा करतो. आमच्या बाबतीत हे तत्त्व शिकण्याआधी गरज म्हणून हाती आले. गालुगा बेटांची अधिकृत कथा पुष्कळ वर्षांनी वाचनात आली, तेव्हा ती मूळ कथा आहे असे वाटेना. आणखी एक चौथा पाठ मिळाला, आणि तोही तिसऱ्याइतका पटणारा नाही, एवढेच वाटले.

३. मेलो, गेलो, आउट

कथेपेक्षा अधिक काळ टिकली ती भाषा. ‘लाइफ’ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी झाला तो बहुधा याच खेळांतून. ‘एक लाइफ गेली’, ‘दोन लाइफ उरल्या’, ‘माझी लाइफ खाऊ नकोस’. जीव या शब्दाने हे काम होत नव्हते. जीव एकच असतो. आपल्या बोलीत अनेक जीव मोजण्याची सोय नव्हती असे मात्र नाही. क्रिकेटमध्ये झेल सुटला की फलंदाजाला जीवदान मिळते. कबड्डीच्या जुन्या प्रकारांत तर या कल्पनेचे पुरते शास्त्र आहे. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला एक बाद गडी उठतो. गामिनीत बाद झालेला उठतच नाही. सारा संघ बाद होईतो बाहेर बसतो. अमरमध्ये बाद झालेला मैदान सोडतच नाही, केवळ गुण मोजले जातात. मृत्यूनंतर काय, या प्रश्नाची मुलांच्या खेळाने दिलेली ही तीन उत्तरे आहेत, आणि घरच्या टीव्हीवरचे खेळ त्यांतल्या कोणत्या ना कोणत्या उत्तरात बसतात. आम्हांला ते खेळ परके वाटले नाहीत, याचे एक कारण हे असावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र एक शब्द सलत होता. ‘मेलो’ हे क्रियापद दिवसातून शंभरदा, आणि तेही दिवेलागणीच्या वेळी, उच्चारले जाई. ‘तिन्हीसांजेला मेलो मेलो काय लावलंय?’ अशी स्वयंपाकघरातून हाक आली की आवाज खाली जात आणि ‘गेलो’ सुरू होई. वरच्या मजल्यावरच्या कॅथलिक घरातही मावशींना हा शब्द चालत नसे. तेथे ‘आउट’ म्हणावे लागे. एकाच मरणाला तीन घरांत तीन शब्द होते, आणि आम्ही जिन्यावरून चढता-उतरता ते बदलत असू. याखेरीज पिक्चर ट्यूब खराब होईल ही भीती होती, अ‍ॅडॉप्टर तापल्याची तक्रार होती, आणि बातम्यांची वेळ होती. खेळाला जितका काळ मिळे तितक्यातच तो संपवावा लागे, कारण ‘कॉन्ट्रा’त डाव साठवून ठेवण्याची सोय नव्हती. यंत्र बंद केले की सारे पुसले जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जंगलापासून आरंभ.

यातूनच उसनवारीचा प्रश्न येतो. मारिओ दोघांनी खेळायचा तर आळीपाळीने. एक मेला की दुसऱ्याचा डाव. ‘कॉन्ट्रा’त दोघे एकाच वेळी पडद्यावर असतात, आणि एकाच्या साऱ्या लाइफ संपल्या की बटण दाबून तो दुसऱ्याच्या शिलकीतली एक उचलू शकतो. परवानगी विचारण्याची सोय यंत्रात नाही. जपानी रचनाकारांनी ती का ठेवली नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु त्या न ठेवलेल्या सोयीने आमच्या खोलीत एक लहानसे धर्मशास्त्र निर्माण केले. न विचारता घेणे म्हणजे चोरी. विचारून घेतलेली लाइफ पुढच्या डावात परत करायची. पाहुण्याकडून घ्यायची नाही. लहान भावाने घेतली तर ती मोजायची नाही. शेवटच्या टप्प्यावर असताना मागायची नाही, कारण तेव्हा नाही म्हणणे कोणालाच जमत नाही.

धबधब्याचा टप्पा या शास्त्राची परीक्षा पाहणारा. तेथे पडदा आडवा न सरकता वर सरकतो. पुढचा जितका भराभर चढेल तितका पडदा वर जातो, आणि मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला लागून मरतो. त्याला शत्रूची गोळी लागलेली नसते. सोबत्याच्या घाईने तो मेलेला असतो. ‘थांब’ हा शब्द आम्ही सर्वांत अधिक वेळा त्या टप्प्यावर उच्चारला असेल. थांबणारे कोण आणि न थांबणारे कोण, हे आठ दिवसांत सगळ्यांना कळून चुके, आणि रिमोट कोणाबरोबर धरायचा हे त्यावरून ठरे. मारधाडीच्या खेळांनी मुले हिंसक होतात की नाही यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या अनुभवात शत्रू मारण्याने कोणाच्या मनावर काही परिणाम झाल्याचे आठवत नाही. ते रंगीत ठिपके होते. परिणाम झाला तो सोबत्याला खाली टाकून वर गेल्याचा.

या चित्राची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. रिमोट दोन होते आणि मुले आठ. म्हणजे सहा जण कायम पाहणारे. पाहणाऱ्यांचा सहभाग लटका नव्हता : वळणावर कोण दबा धरून बसला आहे हे तेच ओरडून सांगत, आणि कथेचे पाठही मुख्यतः त्यांनीच रचले. परंतु पाहणाऱ्यांची जागा फिरती असावी, तशी ती सर्वांसाठी नव्हती. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते ते थोडे अधिक पाहत. आणि मुली जवळजवळ नेहमीच पाहत. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीला आठही टप्पे तोंडपाठ होते. तिच्या हाती रिमोट आलेला आम्हांला दोनदाच आठवतो. उसनवारीचे धर्मशास्त्र एवढे बारीक होते, पण त्यात तिच्यासाठी कलम नव्हते.

४. मुस्तफा

घराबाहेर पार्लर होते. अरुंद गाळा, आत तीन-चार उभी यंत्रे, गल्ल्यावर नाणी. माहीमला नाणे टाकून नेम धरण्याची सवय जुनीच. मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) यांच्या दर्ग्याच्या उरुसानिमित्त डिसेंबरात जी जत्रा भरते, तिच्यात फुगे फोडण्याच्या बंदुका आणि पाळणे असतातच. पार्लर म्हणजे त्या जत्रेची बारमाही शाखा होती. सभ्य घरांतून तेथे जाण्यास मनाई असे, आणि म्हणूनच ते आकर्षक होते.

कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथांवर तो बेतलेला होता. गडी चार : जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. कथेचा नायक जॅक. भारतभरच्या पार्लरांत मात्र या खेळाचे नाव झाले ‘मुस्तफा’. मूळ नाव उच्चारायला अवघड, हे एक कारण. आणि चौघांत चपळ मुस्तफा, धावत येऊन त्याने मारलेली लाथ सर्वांत कामाची, हे दुसरे. हा खेळ घरच्या यंत्रावर कधी आलाच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी गाळ्यातच जावे लागे.

१९९२च्या डिसेंबरात आणि १९९३च्या जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या. १२ मार्च १९९३ रोजी शहरात बॉम्बस्फोट झाले, त्या दिवशी माहीमच्या मच्छीमार वसाहतीवर हातबाँब टाकले गेले. ही मुस्तफाच्या जन्माचीच वेळ. त्यानंतरच्या वर्षांत, ज्या वस्तीत कोणत्या गल्लीतून कधी जायचे याचे नवे नियम घरोघर शिकवले जात होते, त्याच वस्तीतल्या गाळ्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती मुले ‘मुस्तफा मी होणार’ म्हणून एकमेकांना ढकलत होती. यावरून सलोख्याचा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे. त्या मुलांना सलोखा नको होता, लाथ हवी होती. गाळ्यातून बाहेर पडल्यावर जो तो आपल्या गल्लीकडे वळे, आणि त्यांतल्या काहींची घरे पुढे माहीममधून हललीही. तरीही एवढे सत्य उरते की नायक कोण हे पेटीवर आधीच छापलेले असताना, येथल्या मुलांनी तो बदलला, आणि बदलताना नावाकडे पाहिले नाही. पाठभेदाच्या इतिहासात ही नोंद लहान नाही.

५. मूक वाचन

सोनीचे प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानात आले, आणि त्याचा दुसरा अवतार ४ मार्च २००० रोजी. माहीमच्या घरांत ही यंत्रे २००० नंतर हळूहळू दिसू लागली. चित्र सुधारले, ध्वनी सुधारला, हे सर्वांनी सांगून झाले आहे. आमच्या दृष्टीने खरा बदल ‘मेमरी कार्ड’ नावाच्या चपट्या तुकड्याने केला. आता डाव साठवता येऊ लागला. काल जेथे सोडला तेथून आज पुढे. त्यामुळे खेळ वीस-वीस तासांचे झाले, आणि वीस तासांचा खेळ सात जणांच्या घोळक्यात खेळता येत नाही. एकाने पुढचे प्रकरण पाहिले की दुसऱ्याचे हुकले.

‘गॉड ऑफ वॉर’ हा २००५ सालचा खेळ या बदलाचा नमुना म्हणून घेता येईल. ग्रीक पुराणांतल्या देवांशी लढणारा क्रेटोस हा योद्धा आपल्याच हातून बायको आणि मूल मारले गेल्याच्या ओझ्याखाली वावरतो. येथे कथा रचण्याची मुभा खेळणाऱ्याला नाही. ती सविस्तर, अभिनयासह सांगितली जाते, आणि ती प्रभावीही आहे. आम्ही ती प्रत्येकाने आपापल्या घरी, रात्री, आवाज कमी ठेवून पाहिली. दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती कादंबरीवर व्हावी तशी.

पोथीकडून मुद्रित पुस्तकाकडे जाताना मराठी वाचनात जे घडले, त्याचे हे छोटे प्रतिरूप आहे. पोथी एकाने वाचायची आणि दहांनी ऐकायची. अर्थ सांगणारा वेगळा, हुंकार देणारे वेगळे. पुस्तक एकाने मनात वाचायचे. त्या बदलाने आपण काय गमावले याचे हळवे वर्णन करण्यात अर्थ नाही, कारण कादंबरी त्यामुळेच शक्य झाली. शिवाय एकांताने एक न्यायही केला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीने नोकरी लागल्यावर स्वतःच्या पैशाने प्लेस्टेशन घेतले; तिला आता कोणाकडे रिमोट मागावा लागत नव्हता.

पुढे येथल्या कथाही या यंत्रांवर आल्या. २००९ मध्ये हैदराबादेत तयार झालेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ प्लेस्टेशन २ वर आला, आणि देवाला बटणांनी नाचवणे योग्य आहे का असा आक्षेपही त्याच्यासोबत आला. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ या संस्थेने ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी २०१७ मध्ये केलेला लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी संस्थेने काम सोडले नाही. जत्रेत कसरती करणाऱ्या समाजातली राजी ही मुलगी असुराने पळवलेल्या आपल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. तो खेळताना आम्हांला दुसऱ्या मजल्यावरचा पाठ आठवला : कोणीतरी पळवले गेले आहे, अरण्य आहे, शेवटी राक्षसाचे घर आहे. फरक एवढाच की या वेळी हाती शस्त्र मुलीच्या होते, आणि कथा आम्हांला रचावी लागली नाही.

६. शुद्ध प्रत आणि उरलेले

एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठ बिघडले होते, ते नीट केले, आणि पुढे कोणी भर घालू नये अशी ताकीद दिली. त्यांनी ते केले नसते तर ग्रंथ कोणत्या अवस्थेत पोचला असता कोण जाणे. राजवाड्यांनी पुढे एकनाथपूर्व वाटणारी प्रत शोधून १९०९ मध्ये छापली, ती शुद्धीकरणाआधी काय होते या जिज्ञासेपोटी. दोन्ही कामे आवश्यक होती.

जुन्या खेळांचे एकनाथ आज ठिकठिकाणी काम करीत आहेत. मूळ ‘कॉन्ट्रा’ संगणकावर मूळ वेगाने, कंपनीच्या नावासह, पुस्तिकेसह मिळतो. काही हौशी मंडळींनी बहुखेळी नकली कॅसेटींच्या प्रतीही उतरवून जपल्या आहेत, आणि त्यांचे उपकार मानले पाहिजेत. परंतु काळ्या थेंबाखाली जे होते तेवढेच त्यातून वाचते. लाइफ परत करण्याचे नियम त्या थेंबाखाली नव्हते. ‘मेलो’चे ‘गेलो’ कोणत्या जिन्यावर होई, पूल फुटतो याचे समर्थन कसे केले जाई, पार्लरात जॅक कोणीच का निवडत नसे, हे कोणत्याही चिपवर नाही. समुराई आणि लिटल मास्टर भंगारात गेले. ते खेळलेले लोक अजून आहेत, पण पन्नाशीकडे चालले आहेत.

हे काम इतिहासाच्या विभागांनी करावे असे म्हणणे सोपे आहे. आम्हांला वाटते, ते मराठीच्या वर्गांचे काम आहे, कारण जे नाहीसे होत आहे ते मुख्यतः बोलीतले आहे. मौखिक परंपरेवर प्रकल्प द्यायचा म्हटले की विद्यार्थ्याला आपण जात्यावरच्या ओव्यांकडे पाठवतो, आणि योग्यच करतो. त्याच विद्यार्थ्याने आपल्या मामाला किंवा मावशीला एवढेच विचारावे : तुमच्या इमारतीत ते दोघे कोण होते, आणि तुमची लाइफ घेतलेली कोणी परत केली का? माहीमच्या उत्तरांपेक्षा परळची, गिरगावची, मालवणची उत्तरे निराळी येतील अशी आमची अटकळ आहे. ती आली म्हणजे हा लेख जो एकच पाठ देतो, त्याच्याशेजारी बाकीचे ठेवून पाहता येतील.